घोडीच्या पलीकडून

या वर्षी आमचं बिऱ्हाड टेम्पोतून गेलं. भांडी, अंथरुणं, मेंढ्या कोंडायची जाळी, कोंबड्यांचं डालगं, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं मागं चढवलं आणि मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. नारायणगडाच्या अलीकडच्या आमच्या वस्तीवरून सकाळी निघालो ते जेवणाच्या वेळेला तलवाड्याच्या शिवारात उतरलोसुद्धा. हीच वाट आम्ही मुक्काम करत करत, पाय ओढत कापायचो. ड्रायव्हर माणूस बरा होता. काच वर करू का, गाणी लावू का, विचारत होता. पण माझं मन लागेना. सारखं वाटत होतं, आपल्या डाव्या अंगाला कुणीतरी पाहिजे. डाव्या अंगाला टेम्पोचं दार होतं.

तिथं गयाबाई असायच्या. अगदी लगत नाही. लगत घोडी, आणि घोडीच्या पलीकडं गयाबाई.

गयाबाई माझ्या थोरल्या जाऊ. मेंढ्या घेऊन हिंडणाऱ्या घरांत माणसं दोन वाटांनी चालतात. गडी माणसं मेंढ्यांबरोबर रानारानातून, चारत चारत. बायका बिऱ्हाड घोडीवर लादून सडकेनं. सकाळी फुटलेल्या या दोन वाटा दिवस कलताना एका चुलीपाशी येऊन मिळतात. ती चूल कुठं मांडायची ते बाई ठरवते, कारण बाई आधी पोचते. पाणी किती लांब, रान कुणाचं, मेंढ्यांना चारा काय, मालक खतासाठी रात्री मेंढ्या रानात बसवून घेईल का, हे सगळं बघायचं आणि तीन दगड ठेवायचे. एकदा दगड ठेवून जाळ केला की त्या दिवशी ती चूल हलत नाही. आमच्यात तसा रिवाजच आहे. गडी माणसं रानातून धूर बघतात आणि मेंढ्या तिकडं वळवतात. त्यांनी कधी विचारायचं नाही, की इथं का मांडली.

म्हणजे सबंध दिवस गयाबाईंच्या बरोबर मीच. नवऱ्याबरोबर मी जितकी चालले नसेन त्याच्या कितीतरी पट मी या बाईबरोबर चालले. दिवाळीनंतर निघायचं ते मृगाच्या तोंडाला परत. असं वर्षामागून वर्ष. आणि एवढं चालून आम्ही बोललो किती, असं कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. तोंडाला तोंड देऊन तर फारच कमी. कारण गयाबाईंना काही अवघड बोलायचं असलं की त्या माझ्याशी बोलत नसत. घोडीशी बोलत.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं. माझं माहेर लांब, माण तालुक्यात. आमच्या वडिलांनी मेंढ्या कधीच विकलेल्या, सूतगिरणीत कामाला जात. मी सातवी झाले आणि पुढची शाळा लांब म्हणून घरी बसले, मग लग्न झालं. मेंढ्यांची जात असून मला मेंढरामागं चालणं ठाऊक नव्हतं. वस्तीवरून निघालो त्या दिवशी मी लग्नातल्या चपला घालून निघाले. हायवे लागायच्या आत टाचेला फोड आला, दुपारपर्यंत तो फुटला. बोलायची सोय नाही. नवीन सून, पहिला दिवस. मी घोडीच्या आडून लंगडत होते. घोडी तांबडी होती आणि तिचं नावही तांबडीच. पलीकडून आवाज आला,

"तांबडे, नव्या नवरीला सांग, त्या चपला मिरवायच्या हायेत, चालायच्या न्हाईत. काढून तुज्या पाठीवर टाक म्हनावं."

मी आधी खरंच घोडीकडं बघितलं. मग चपला काढल्या. पलीकडून एक हात आला, चपला घेऊन गेला आणि त्यानं त्या गाठोड्यात खोचल्या. मग त्याच हातातून घोडीच्या मानेवरून एक फडकं आलं. टाचेला बांधायला. तोंड दिसलंच नाही.

त्याच दिवशी पुढं मी रडले. कशासाठी ते आता नीट सांगता येणार नाही. पाय दुखत होते, आई आठवत होती, एका बसमध्ये माझ्यासारखीच एक मुलगी खिडकीत बसून जाताना दिसली होती. मी तोंडाला पदर लावून चालत होते. गयाबाई थांबल्या नाहीत, "काय झालं" म्हणाल्या नाहीत. घोडीला सांगत राहिल्या, "तांबडे, तुला ठावं न्हाई, तवा तुजी आई होती. म्या लगीन हून आलते तवा पयल्या मुक्कामाला भाकऱ्या करपवल्या आन सासऱ्यानं कुत्र्याला घातल्या. कुत्र्यानं बी खाल्ल्या न्हाईत. लई इमानी कुत्रं हुतं, तरी न्हाई खाल्ल्या." मला रडता रडता हसू आलं. पलीकडं ते ऐकू गेलं असणार, कारण मग त्या गप्प झाल्या आणि आम्ही तशाच चालत राहिलो.

मी दमले की त्यांचं एकच ठरलेलं. "पुडच्या झाडापतुर चल." पुढचं झाड आलं की त्याच्या पुढचं. मी म्हणायचे, "बाई, तुम्ही मला फसवताय." त्या म्हणायच्या, "मंग? मला बी कुनीतरी असंच फसवलंय. सडकेची झाडं तोडली आवंदा, न्हाईतर आजून बरं फसवलं आस्तं."

अंगानं त्या बारीक, उंचीला घोडीच्या खांद्याएवढ्या. डोक्यावर घोंगडीची चौकोनी घडी, उन्हासाठी. काठी हातात नसायची, दोन्ही खांद्यांवर आडवी टाकून तिच्यावर मनगटं टाकलेली. त्यामुळं लांबून पाहिलं तर घोडीच्या पलीकडं कुणीतरी सदरा वाळत घातल्यासारखं दिसायचं. मिसरी लावायच्या, पण चालताना नाही. चालताना थुंकलं तर मेंढीचं तोंड येतं म्हणायच्या. खरं का खोटं, मी विचारलं नाही. चहा मात्र रस्त्याकडं पाठ करून प्यायच्या. का, तर दिवसभर रस्त्याचंच तोंड बघायचं, निदान कपभर वेळ तरी नको.

माझी भाषा त्यांना गंमत वाटायची. मी "का" म्हणायची, त्या "कावून". मी "आहे" म्हणायची, त्या "हाय". शाळेत गेलेली म्हणून मला चिडवायच्या, पण वाटेत एखाद्या भिंतीवर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बोर्ड दिसला की आधी म्हणायच्या, "वाच." मी वाचायची. सगळी नावं, खालची फोटोवाल्या पोरांचीसुद्धा. त्या मन लावून ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "एवड्या मानसांला काम न्हाई म्हन की."

असाच एक पुढारी एकदा आमच्या चुलीपाशी येऊन धडकला होता. गेवराईच्या बाजूला एका मोठ्या रानात आम्ही चूल मांडली होती. कापूस निघालेला, रान मोकळं. गाडी आली, पांढऱ्या कपड्यातला माणूस उतरला, गॉगल न काढता ओरडायला लागला.

"कुणाला इचारून उतरलात? कावून उतरलात हितं? उचला, आत्ताच्या आत्ता!"

मला तसंही कशाचीही भीती वाटते. मी चुलीच्या दगडाला हात घालायला निघाले तर गयाबाईंनी पायानंच मला अडवलं. बसल्या जागेवरून वर बघितलं.

"सायेब, तुमची आई कुटं असती?"

"आईचं काय काम?"

"न्हाई, गेल साली तिनंच हितं मेंढरं बसवून घेतलती. कापूस कसा आला ते तिलाच इचारावं म्हनलं."

त्या माणसानं रागारागानं फोन लावला. फोनमधला आवाज आम्हाला एवढ्या लांबून ऐकू आला. "आरं गया आली का? आरं गाढवा, तिला हाकलू नगं. गेल साली किती खत पडलं! थांब, मी यीती. तिला म्हनावं जेवल्याबिगर हलायचं न्हाई." त्या माणसानं गॉगल काढला. गयाबाई चुलीत काटकी सारत म्हणाल्या, "बसा सायेब, च्या घ्या. आईला यायला टाईम लागंल." आणि तो बसला, खरंच, पांढऱ्या पँटीत, दगडावर. चहा घेतला. नंतर म्हातारी आली आणि ती व गयाबाई अंधार पडेपर्यंत सुनांची उणीदुणी काढत बसल्या. माझीसुद्धा काढली असणार, मी लांबच होते.

गडी माणसांशी बोलतानाही त्यांचा आवाज चढत नसे. थोरले दीर सोपानराव तापट. ते ओरडले की गयाबाई भाकरी उलटायच्या आणि म्हणायच्या, "झालं का? बसा मंग." आमचे हे, भिवा, त्यांना आईसारखं मानायचे. त्यांच्या घरात तसा बायकांचा शब्द चालतो असं काही नाही. पण वाटेवर चालायचा. घरी पावसाळ्यात गयाबाई वेगळ्याच असायच्या. वस्तीवरच्या दगडी घरात त्या बसलेल्या बघवत नसत. भिंतीला टेकून, हात मांडीवर. मी एकदा म्हटलं, "बाई, आता जरा विसावा मिळतो बघा." त्या म्हणाल्या, "ह्याला इसावा म्हनत न्हाईत शालन. घर म्हंजे बसून वाट बघायची जागा. कशाची ते बी ठावं न्हाई."

त्यांना एकच मुलगी, मंगल, परळीला दिलेली. मूल एकच का, दुसरं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. एकदा त्यांनीच घोडीला सांगितलं, एका चढावर, अर्ध्या वाक्यात. ते मी इथं लिहीत नाही. त्यांनी मला सांगितलंच नव्हतं.

डोळ्यांचं कधी सुरू झालं हे मला नेमकं आठवत नाही. गयाबाई अंधारातही पहिल्यापासून झपाझप चालायच्या, त्यामुळं संध्याकाळी ठेचकाळल्या तर मला काही वाटलं नाही. मग दिवसा ठेचकाळायला लागल्या. खांद्यावरची काठी हातात आली. एकदा समोरून मोटारसायकल येताना मी घोडी बाजूला ओढली, त्या ओढल्या गेल्या नाहीत, तशाच चालत राहिल्या. मोटारसायकलवाल्यानं शिवी दिली. गयाबाई म्हणाल्या, "लई माजलेत." पण त्यांचा हात घोडीच्या दाव्यावर घट्ट आवळला होता आणि तो उरलेला सगळा दिवस सैल झाला नाही.

पुढची काही झाडं मी विचार करत चालले. विचारावं तर त्या "काही न्हाई" म्हणणार. गड्यांना सांगावं तर ते त्यांना वस्तीवर ठेवणार. म्हाताऱ्या माणसांचं आमच्यात तसंच होतं. चालवेना झालं की मागं ठेवायचं, घरी चूल आहे, डबा आहे, सगळं आहे. भिंतही आहे. मला त्या भिंतीला टेकलेल्या गयाबाई दिसायला लागल्या.

रस्त्यावर एक मोठा खड्डा होता, खडी उखडलेली. मी घोडीला म्हटलं, "तांबडे, तुझ्या त्या अंगाला खड्डा आहे बघ. जरा इकडं सर."

पलीकडं पावलं थबकली. मग अलीकडं सरकली. खड्डा मागं पडला. मग घोडीलाच उत्तर आलं, "तांबडे, आपली धाकली बी तुज्याशी बोलाय लागली. येडी झाली वाटतं आपल्यात राहून."

तेव्हापासून आमचं तसंच चालायला लागलं. मी दिवसभर घोडीला सांगत चालायची. तांबडे, पुढं नाला आहे, पाणी कमी आहे, दगडावरून जाता येईल. तांबडे, डाव्या हाताला ऊस लागला, तोडीला आलाय. तांबडे, समोरून शाळेतली पोरं येतायत, दप्तरं पाठीवर, एकाच्या पायात बूट, तोही एकच. सडकेवरून नारायणगड दिसतो त्या वळणावर गयाबाई नेहमी घोडी थांबवून हात जोडायच्या. मी तिथं म्हणायची, "तांबडे, गड आला." त्या वळायच्या आणि हात जोडायच्या. कधी कधी माझ्या आधीच वळलेल्या असायच्या. पायाला चढ कळत असावा. आम्ही दोघींनी या गोष्टीचा एक शब्दही एकमेकींशी काढला नाही. घोडीला बिचारीला रस्ता जसा ठाऊक होता तसा आमच्यापैकी कुणालाच नव्हता, तरी ती सगळं ऐकून घ्यायची.

त्या दिवसांत मी फार दमायची. चालून नाही. सतत बघत राहायचं आणि बोलत राहायचं, कुठं चुकलं तर काय होईल या धास्तीनं. संध्याकाळी माझा घसा बसलेला असायचा. पण खरं सांगते, या बाईनं मला पहिल्या दिवशी टाचेला फडकं देऊन चालवलं नसतं तर मी दुसऱ्या मुक्कामावरून माहेरची बस धरली असती. तेव्हा बसच्या खिडकीतल्या मुलीसारखी मी कुठंतरी बसलेली असते. ते बरं झालं असतं का वाईट, माहीत नाही. पण इथं मी त्यांच्यामुळं टिकले. घशाचं काय एवढं.

बांगड्या भरायच्या म्हणून सांगून एकदा मी त्यांना बीडला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. एसटीत त्या कडेला बसल्या, दांडा धरून. सगळ्या वाटेत त्यांचे पाय पुढच्या सीटखाली हलत होते, एकदा डावा, एकदा उजवा, बस चालेल तसे. मी म्हटलं, "बाई, बस चालतीय, तुम्ही कशाला चालताय?" म्हणाल्या, "बसल्या जागी गाव यायलंय, पटत न्हाई."

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू असता तर काढला असता, म्हणाल्या, हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती टिकते का बघू, थेंब घाला. मग विचारलं, "आजी, आधी का नाही आलात?"

"आदी दिसत हुतं की," गयाबाई म्हणाल्या.

थेंब मी घालायची. घोडीच्या आडोशाला, गड्यांच्या नजरेआड. त्या जमिनीवर बसून मान वर करायच्या आणि तोंड उघडं टाकायच्या, कोकराला औषध पाजताना ते टाकतं तसं. दोन दिवाळ्या आमचं असं निभावलं.

आणि मग ज्वारीचं रान झालं.

त्या दिवशी आम्ही एका नव्या शिवारात पोचलो. पाणी जवळ नव्हतं. मी घागर घेऊन विहीर शोधायला गेले. गयाबाईंना म्हटलं, मी येईपर्यंत थांबा. त्या "व्हय" म्हणाल्या. विहीर लांब होती आणि मोटार बंद होती, पाणी हातानं शेंदावं लागलं. परत आले तर चूल मांडलेली, जाळ पेटलेला, धूर सरळ वर गेलेला. सोपानराव आणि आमचे हे मेंढ्या घेऊन त्या धुरावर आलेलेही होते. मेंढ्या शेजारच्या रानात पसरल्या होत्या.

ते रान हिरवं होतं. पण गवताचं नव्हतं. ज्वारी काढून नेलेली आणि खाली राहिलेल्या खोडांना कोवळा फुटवा आलेला. पाण्याविना सुकत चाललेल्या रानातला असला फुटवा जनावराला विष असतो. मेंढ्या राखणाऱ्याच्या घरात लहान पोरालाही हे कळतं. गयाबाईंना हिरवं दिसलं होतं, एवढंच. आणि गड्यांनी चूल बघून मेंढ्या सोडल्या होत्या. चुलीपाशी चारा बघायचा नसतो, तो बाईनं बघितलेला असतो.

मी घागर तिथंच ठेवून ओरडत पळाले. तोपर्यंत पुढच्या काही मेंढ्या थरथरायला लागल्या होत्या. दोन आडव्या पडल्या, तोंडाला फेस. आम्ही सगळे धावलो. बाकीच्या मेंढ्या हाकलून काढल्या, गूळ कालवून पाणी पाजलं, होता तो सगळा गूळ. किती वाचल्या, किती गेल्या, ते नको. एक गाभण होती. तिचं पोट हलत होतं आणि ती हलत नव्हती.

सोपानराव मेलेल्या मेंढीपाशी उकिडवे बसले होते. ते उठले आणि सरळ माझ्याकडं आले.

"कुणी मांडली चूल हितं?"

मी तोंड उघडलं. मी काय म्हणणार होते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. पण माझ्या आधी गयाबाई बोलल्या. घोडी तिथं नव्हती. घोडी लांब चरत होती. त्या नवऱ्याकडं तोंड करून, नीट उभ्या राहून बोलल्या.

"म्या मांडली. मला दिसत न्हाई."

"दिसत न्हाई म्हंजे?"

"म्हंजे दिसत न्हाई. तुमचं तोंड दिसत न्हाई आत्ता. आवाजाकडं बघून बोलतीया."

सोपानराव ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. "कवापासून?"

"दोन साल झाले."

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं आसतं तर ठिवलं आसतं घरी."

मग त्या वाकल्या. चुलीतली जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढली, त्यावर पाणी ओतलं. वाफ झाली. दगड तापलेले होते, पदर गुंडाळून त्यांनी एक दगड उचलला. मांडलेली चूल हललेली मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा बघितली. मला म्हणाल्या, "शालन, तू सांग कुटं ठिवू." घोडीला नाही. मला.

मी बांधापलीकडची जागा सांगितली. त्यांनी तिथं दगड नेला. मी दुसरे दोन नेले. सोपानरावांनी त्या रात्री भाकरी खाल्ली नाही, पण गयाबाईंच्या ताटाशेजारी येऊन बसून राहिले. चटणीची वाटी त्यांच्या हाताशी सरकवली. त्यांच्याकडून मी एवढंच बघितलं आणि मला ते पुरलं.

दुसऱ्या दिवशी मंगलच्या नवऱ्याला फोन गेला. गयाबाईंनी विरोध केला नाही. मला वाटतं, मेंढ्या मेल्या नसत्या तर त्या भांडल्या असत्या. ती गाभण मेंढी त्यांच्या हातून गेली होती, आणि आपण कळपाला अवजड झालो की काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. जावई मोटारसायकल घेऊन आला. मागं बसताना त्यांनी विचारलं, "पाय कुटं ठिवू?" एवढंच.

मग मी एकटीच घोडीबरोबर चालू लागले. बरेच दिवस सवयीनं घोडीला खड्डे सांगत होते. चूल आता मी मांडायची. दगड ठेवायच्या आधी चारा दोनदा-दोनदा बघून यायची, आमचे हे चिडायचे. पुढच्या साली तांबडी म्हातारी झाली म्हणून विकली आणि दुसरी घोडी घेतलीच नाही.

गयाबाई पावसाळा संपता संपता परळीलाच वारल्या. त्याआधी एकदाच मी परळीला जाऊन आले होते.

मंगलचं घर दोन खोल्यांचं. जावई राखेच्या विटांच्या कारखान्यात कामाला. तिकडं सगळ्यावर राख बसते, दोरीवरच्या कपड्यांवर, खिडकीच्या गजांवर, पाण्याच्या झाकणावर. गयाबाई उंबऱ्याबाहेर पोत्यावर बसल्या होत्या. सुकल्या होत्या. मी अजून गल्लीच्या तोंडालाच होते तेवढ्यात म्हणाल्या,

"पाय आजून घासतच चालतीस की गं."

मी शेजारी बसले. मंगलनं चहा आणला. कपावर झाकण होतं. गयाबाई म्हणाल्या, "हितं समदं करडं हाय म्हनं. मंगल लई बेजार आसती, पुसून पुसून. मला काय, मला हरवक्त करडंच दिसतंय. बरं झालं. लेकीचं आन माजं सारकंच."

मेंढ्यांचं विचारलं, किती व्याल्या, सोपानरावांचा खोकला कसा आहे. मग विचारलं, "चूल कोन मांडतंय?"

"मीच मांडते."

"मंग?"

"भीती वाटते बाई. दगड ठेवला की रात्रभर झोप नाही येत."

त्यांनी चाचपून कपावर झाकण परत ठेवलं. "मला भ्या वाटायचं बंद झालतं," त्या म्हणाल्या. "सवय झालती. तुला वाटू दी."

निघताना त्या उठल्याच. स्टँडपर्यंत येते म्हणाल्या. मंगल नको म्हणत होती, ट्रका किती असतात, पण त्यांनी पदर खोचला होता. त्यांनी माझं कोपर धरलं. इतकी वर्षं आम्ही बरोबर चाललो, पण मध्ये कायम घोडी. त्यांचा हात इतका हलका असेल असं मला वाटलं नव्हतं. मी सांगायला लागले, पुढं गटार आहे, तर त्या म्हणाल्या, "गप चल. हितलं मला ठावं हाय." आणि खरंच ठाऊक होतं. मी गप्प चालले. मला फार दिवसांत असं गप्प चालायला मिळालं नव्हतं. स्टँड लवकर आला.

बीडची बस लागलेली होती. मी खिडकीशी बसले. शेजारी अंबाजोगाईची बस होती. मंगल मला वाटेत खायला केळी आणते म्हणून हातगाड्याकडं गेली, गयाबाईंना खांबापाशी उभं करून. तेवढ्यात शेजारची बस सुरू झाली आणि मागं यायला लागली. गयाबाईंनी इंजिनाचा आवाज ऐकला. माझीच बस सुटली असं समजून त्या तिच्याकडं वळल्या आणि हात वर केला. चांगला उंच, खांद्यापासून.

मी हाक मारायला तोंड पुढं काढलं. तर त्या बसमधल्या एका खिडकीतून डोक्याला पंचा गुंडाळलेला एक म्हातारा बाहेर वाकला. त्यानं एक बाई आपल्याला हात करतेय हे बघितलं, कोण ते काही कळलं नसावं, आणि त्यानंही सबंध हात बाहेर काढून हलवला. जोरात हलवला, बस फाटकातून वळेपर्यंत. तेवढं हलताना गयाबाईंना दिसलं असावं. हात वर तसाच ठेवून त्या हसल्या.

मग त्यांनी हात खाली घेतला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्या बसकडं पाठ करून उभ्या राहिल्या. मंगल केळी घेऊन आली. तिनं मला खिडकीत बघितलं आणि ती आईला सांगायला वळली. मी मान हलवली. नको म्हणून. मंगलला आधी कळलं नाही, मग कळलं. तिनं केळी तशीच पिशवीत टाकली आणि आईचा हात धरला. दोघी गर्दीतून सावकाश निघून गेल्या.

माझी बस सुटायला अजून बराच वेळ होता.